काडतूस पुन्हा भरताना: चूक टेबलावर होते, कळते चाप ओढल्यावर

काडतुसाचे भाग चारच. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, प्रायमरची ठिणगी पावडर पेटवते आणि पावडरीचा वायू गोळीला नळीतून हाकलतो. तीन भाग तिथेच संपतात. पुंगळी तेवढी शाबूत राहते, आणि बहुतेक वेळा काडतुसातला सगळ्यांत महाग भाग तीच असते. ती साफ करायची, दाबून मूळ मापात आणायची, नवा प्रायमर, नवी पावडर, नवी गोळी बसवायची. याला रिलोडिंग म्हणतात. जिथे कायदा परवानगी देतो तिथे अनेक नेमबाज हे घरच्या टेबलावर करतात. जिथे देत नाही तिथे हा छंद नव्हे, गुन्हा आहे, तेव्हा आधी आपल्या परवान्यात काय बसते ते पाहावे. पैसे वाचतील म्हणून सुरुवात करणारे पुष्कळ. ते सहसा वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या झाडल्या जातात. खरा फायदा हा की आपल्या बंदुकीला मानवेल असे, प्रत्येक वेळी सारखे काडतूस बनवता येते.

यातली एकही पायरी हाताला अवघड नाही. अवघड आहे ते वेगळेच. बंद झालेल्या काडतुसात पावडर बरोबर पडली आहे, दुप्पट पडली आहे की पडलीच नाही, हे बाहेरून अजिबात दिसत नाही. चूक आज रात्री टेबलावर होते आणि पंधरा दिवसांनी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उघड होते. म्हणून रिलोडिंगमधल्या बहुतेक सवयींचा हेतू एकच: चूक काडतूस बंद होण्याआधी डोळ्यांना दिसली पाहिजे.

दाब म्हणजे नेमका किती

मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसाची अमेरिकी मानकातली कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. म्हणजे टायरच्या हजारपट. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाला ५५,०००, तर जुन्या .३८ स्पेशलला १७,०००. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात चढतो आणि उतरतो.

बिनधुराची पावडर स्फोटकासारखी एकदम उडत नाही. ती पृष्ठभागावरून आत आत जळत जाते. मात्र तिचा एक गुण नीट समजून घ्यायला हवा: दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे पावडर दहा टक्क्यांनी वाढवली तर दाब दहाच टक्क्यांनी वाढेल, हा हिशेब इथे लागू नाही. कण चपटे, गोल किंवा नळीसारखे करून, वर लेप देऊन जळण्याचा वेग ठरवलेला असतो. पिस्तुलासाठी जलद पावडर, रायफलसाठी संथ. पिस्तुलाची जलद पावडर रायफलच्या मोठ्या पुंगळीत गळ्यापर्यंत भरली गेली तर बंदूक फुटण्यासाठी दुसरे काही लागत नाही.

म्हणून टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा. काम संपले की मापकात उरलेली पावडर त्याच दिवशी मूळ डब्यात परत. दुसऱ्या दिवशी मापकात काळपट दाणे दिसले आणि ते कशाचे हे नक्की आठवत नसेल, तर फेकून द्यायचे. रंगारूपावरून पावडर ओळखता येते असे वाटणे हीच पहिली चूक. नावेही दगा देतात: आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीची मात्रा, म्हणजे एका काडतुसात घालायचे पावडरीचे वजन, दुसरीला चालत नाही. डब्यावरचे पूर्ण नाव वाचायचे, नुसता आकडा नाही.

या लेखात एकही मात्रा दिलेली नाही, आणि कुठल्याच लेखातून किंवा मित्राच्या वहीतून ती उचलू नये. पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्या दाब मोजून तक्ते छापतात. त्यातली सुरुवातीची मात्रा साधारणपणे कमाल मात्रेपेक्षा दहा टक्के कमी असते. तिथून सुरुवात करून हळूहळू वर जायचे. आणि कमी म्हणजे सुरक्षित असेही नाही. एच ११० सारख्या काही पावडरी तक्त्यापेक्षा खूप कमी घातल्या तर नीट पेटत नाहीत आणि गोळी नळीतच अडकते.

पुंगळी बोलते

पुंगळीला बूड आणि तोंड असते, रायफलच्या पुंगळीला बाटलीसारखे खांदा आणि मानही, आणि ती कशी वापरली गेली हे तिच्या अंगावर उमटते. आधी तिच्या आत डोकवायचे. बुडात मधोमध एक छिद्र असेल तर बॉक्सर प्रायमरची, दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डनची. ही दोन्ही माणसांची नावे: बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण गंमत अशी की अमेरिकेत चालते बॉक्सर आणि युरोपात रुजली बर्डन. घरी भरायला बॉक्सरच सोयीची, कारण तिचा जुना प्रायमर मधल्या छिद्रातून डायची, म्हणजे पुंगळी मापात आणणाऱ्या साच्याची, सुई सरळ ढकलून काढते. दोन छिद्रांची पुंगळी नकळत प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याने पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या यंत्रात, गेली की ही सुई वाकते किंवा मोडते. नवशिक्याचे पहिले नुकसान बहुधा हेच.

साफसफाईला मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा घालून फिरवायचे यंत्र असते. भांडी चकाकवणारे अमोनियायुक्त पॉलिश मात्र पितळेला लावू नये. याचा धडा जुना आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि पावसाळा सरला की अनेकांना तडे गेलेले दिसत. कारण उलगडले १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि थंड अवस्थेत ओढून बनवलेल्या पितळेत उरलेला ताण. दोन्ही मिळून धातू आतून चिरत जातो.

पुढची पायरी म्हणजे साइझिंग. चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या जागेत, फुगलेली पुंगळी प्रेसच्या दांड्याने डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची. सरळ अंगाच्या पिस्तुली पुंगळ्यांना कार्बाइड या अतिकठीण धातूची डाय असेल तर वंगण लागत नाही. रायफलच्या मानवाल्या पुंगळीला लागतेच. ते विसरले की पुंगळी आत शिरते आणि बाहेर येत नाही. दांडा ओढला की बुडाची कड फाटते, पुंगळी आतच. मग बुडाला भोक पाडायचे, आटे कापायचे, आट्यांचा बोल्ट घालून ओढून काढायचे. उलट वंगण फार झाले तर ते खांद्याशी साचते आणि तिथे पोचा येतो. बोटांच्या चिमटीने अंगाला पातळ हात फिरवायचा, खांदा कोरडा ठेवायचा, आणि काम झाले की वंगण पुसून टाकायचे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. मानवाली, बिनकडेची (बुडाची कड अंगाबाहेर न आलेली) पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. डाय गरजेपेक्षा खाली फिरवली असेल तर खांदा मागे ढकलला जातो आणि पुंगळी चेंबरमध्ये किंचित ढिली बसते. गोळी झाडताना पुंगळीचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटतो, बूड मागे सरकून बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, आपटते, आणि मधले पितळ ताणले जाते. पुन्हा साइझिंग, पुन्हा ताण. चार-पाच वेळा भरल्यावर बुडाच्या थोडे वर एक लखलखीत कडे दिसू लागते. भिंत आतून तिथेच पातळ झालेली असते. त्याच्या पुढच्या एखाद्या वेळी पुंगळी दोन तुकडे होऊन येते: बूड बाहेर, धड चेंबरमध्ये, आणि कधी उकळता वायू मागे नेमबाजाच्या दिशेने.

हे आधीच पकडायला पेपरक्लिप पुरते. तार सरळ करायची, टोकाला बारीक काटकोन वाकवायचा, पुंगळीत बुडापर्यंत घालायची आणि आतल्या भिंतीला टोक टेकवत हळू वर ओढायची. तळाच्या जाडसर भागाच्या वर टोक खाचेत अडकल्यासारखे वाटले तर ती पुंगळी भंगारात, आणि त्याच वेळी वापरलेल्या बाकीच्यांचीही तपासणी. मुळात उपाय डायच्या मापात आहे. झाडलेल्या पुंगळीचा खांदा गेजने मोजायचा आणि बोल्ट रायफलसाठी तो साधारण ०.००२ इंचच मागे न्यायचा, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). अर्धस्वयंचलित रायफलला तीन ते पाच.

ताणलेली पुंगळी लांबही होते. .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, कापून १.७५० वर आणतात. लांबी वाढू दिली तर पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरून गोळीभोवती आवळले जाते, गोळी सुटायला उशीर होतो आणि दाब चढतो. लांबी साइझिंगनंतर मोजायची, आधी नाही, कारण दाबताना ती पुन्हा वाढते. कापल्यावर तोंडाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कुसळे, आतून-बाहेरून काढायची, नाहीतर ती गोळी खरवडते.

प्रायमर

छोटा प्रायमर ०.१७५ इंच व्यासाचा, मोठा ०.२१०. इतकेच लक्षात ठेवून चालत नाही. मोठा पिस्तुली आणि मोठा रायफली यांचा व्यास सारखा, पण रायफलचा उंचीला जास्त. तो पिस्तुलाच्या पुंगळीत बसवला तर बाहेर डोकावतो.

प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसायला हवा, तीन ते पाच थाऊ. बसवल्यावर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवायचे. उंचवटा लागला तर बाजूला. वर राहिलेला प्रायमर दोन प्रकारे त्रास देतो. एक म्हणजे गोळी उडत नाही, कारण पिनेचा पहिला ठोका प्रायमरला आत बसवण्यातच खर्ची पडतो, आणि दुसऱ्या ठोक्याला तीच उडते. दुसरा प्रकार गंभीर: ज्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते तिथे बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच ती अशा प्रायमरवर आपटून गोळी सुटू शकते.

सैन्याच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ आवळलेले असते. जुना प्रायमर निघतो, पण नवा आत जायला नकार देतो. इथे दांड्यावर जोर लावायचा नाही. आधी आवळलेली कड काढायची. प्रायमर म्हणजे चिरडल्यावर उडणारी वस्तू, आणि आपण त्यालाच दाबतो आहोत. त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच.

पावडर: जिथे घाई महाग पडते

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. पौंडाचा सातहजारावा भाग म्हणजे एक ग्रेन, सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. काटा ०.१ ग्रेन दाखवणारा हवा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याहूनही कमी. असा काटा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, कललेल्या टेबलावर खोटे बोलतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर गरम होईपर्यंत आकडा सरकत राहतो. दर बैठकीला सुरुवातीला तपासणीचे ज्ञात वजन ठेवून खात्री करायची आणि दर दहा-पंधरा पुंगळ्यांनी पुन्हा.

दुप्पट पावडर कशी पडते? .३८ स्पेशलचे उदाहरण घ्या. हे काडतूस काळ्या दारूच्या चालीवर १८९८ मध्ये निघाले, त्या दारूला जागा भरपूर लागे. आज त्यात जलद पावडर घातली की पुंगळी अर्धीही भरत नाही. दोन मात्रा पडल्या तरी वर गोळीला जागा उरते, काही बाहेर सांडत नाही, कुठेही काही अडत नाही. काडतूस तयार. म्हणून अनुभवी लोक नवख्याला अशी पावडर सुचवतात जिची एक मात्राच पुंगळीचा अर्ध्याहून जास्त भाग भरेल. दुसरी पडली तर टेबलावर सांडेल आणि चूक स्वतःच ओरडून सांगेल.

प्रेस निवडतानाही हाच विचार. सिंगल स्टेजवर दांड्याच्या एका ओढीत एकच काम होते. पन्नास भोकांचा ठोकळा घ्यायचा, पुंगळ्या उलट्या ठेवायच्या. पावडर भरली तीच सरळ करायची. सगळ्या भरल्या की एकही गोळी न बसवता विजेरीचा प्रकाश तिरका टाकून पन्नासही तोंडांत पाहायचे. पातळी सारखी असताना एखादी उथळ किंवा खोल असेल तर डोळ्याला लगेच खुपते. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर मात्र प्रत्येक ओढीत चार-पाच कामे एकदम होतात. ज्यात पुंगळ्या धरणारी चकती हाताने फिरवावी लागते, तिथे मध्येच प्रायमर अडकला, तो सोडवला, दांडा पुन्हा ओढला आणि चकती फिरवायची राहिली, की त्याच पुंगळीत दुसरी मात्रा पडते. दुप्पट पावडरीच्या कहाण्या ऐकल्या की त्यांत बहुतेकदा एक ‘मध्येच’ असतो: फोन आला, दांडा अडला, कोणीतरी हाक मारली. काम मध्येच तुटले तर चकतीवरच्या सगळ्या पुंगळ्या बाहेर काढायच्या, पावडर परत ओतायची, नव्याने सुरू करायचे. हा नियम कंटाळवाणा आहे आणि पाळणारे थोडे.

नळीसारख्या लांबट दाण्यांची पावडर नरसाळ्याच्या मानेत अडकून पूल बांधते. एका पुंगळीत कमी पडते, पुढच्याला धक्का लागला की अडकलेली सगळी तिथे. एकाच घटनेत एक काडतूस कमी भरलेले आणि एक जास्तीचे.

आता पावडर पडलीच नाही तर? प्रायमर एकटा गोळीला नळीत काही इंच ढकलतो आणि ती तिथेच रुतते. आवाज ‘धाड’ऐवजी ‘फट्’, हाताला धक्का जवळपास नाही. त्या क्षणी थांबायचे. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, सहसा मागे येत नाही, आणि नवशिक्याला वाटते काडतूस अडकले. तो हाताने स्लाइड ओढून पुढचे आत घेतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर काहीच अडत नाही, चाप ओढला की चक्र फिरून पुढचे काडतूस हजर. मागची गोळी पुढच्या रुतलेल्या गोळीवर आदळते आणि नळीला तिथे कड्यासारखा फुगवटा येतो, किंवा नळी फाटते. आवाज विचित्र आला की बंदूक रिकामी करायची, नळी मोकळी आहे का पाहायचे, आणि गोळी अडकली असेल तर पितळी सळईने ठोकून काढायची. काहीच आवाज आला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचे, प्रायमर उशिरा पेटू शकतो.

गोळी बसवणे

तक्त्यात काडतुसाची एकूण लांबी दिलेली असते. ती हौसेची नसते. ९ मिमीच्या इवल्याशा पुंगळीत गोळी एक-दीड मिलिमीटर जास्त खोल गेली तरी आतली जागा बरीच आक्रसते आणि तीच मात्रा धोकादायक होते. तयार काडतुसाचे टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबून पुन्हा मोजावे. लांबी घटली तर पुंगळीची पकड ढिली आहे. एकच काडतूस रोज चेंबरमध्ये घालायचे आणि काढायचे, यानेही गोळी हळूहळू आत सरकते.

पकड तोंड आवळल्याने येते असा समज आहे. पिस्तुलाच्या बिनकडेच्या काडतुसात ती साइझिंगमधून येते. या आवळण्याचे, म्हणजे क्रिम्पचे, काम गोळी बसण्यासाठी फाकवलेले तोंड सरळ करणे, एवढेच. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये तोंडावरच टेकते. तोंड रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखे आत मुडपले तर टेकायला कडच उरत नाही. तपासायला पिस्तुलाची नळी सुटी करून काडतूस आत सोडायचे. ‘टप’ असा आवाज करून पडले, बोटाने गरगर फिरले आणि नळी उलटी करताच बाहेर आले, तर ठीक.

साठवण

पावडर मूळ डब्यातच, थंड कोरड्या जागी, पण जड लोखंडी तिजोरीत नाही. मोकळी पावडर नुसती भडकून जळते. कोंडली की तीच बॉम्ब होते. मूळ डबे दाब वाढताच उसवतील असेच बनवलेले असतात. प्रायमर त्यांच्या मूळ खाचांच्या ट्रेमध्ये. काचेच्या बरणीत शंभर प्रायमर ओतून ठेवले तर एक उडाल्यावर सगळे उडतात. डबा उघडल्यावर आंबट, झोंबरा वास आला किंवा तांबूस धूळ वा धूर दिसला तर पावडर सडली आहे. आणि पुंगळ्या साफ करणाऱ्या यंत्राच्या धुळीत प्रायमरचे शिसे असते. भुसा घराबाहेर चाळावा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

शंका आली तर

भरून झालेल्या पन्नासांपैकी एकात पावडर नसावी अशी शंका आली, की नवशिक्या काटा काढतो आणि तयार काडतुसे तोलतो. पिस्तुलाच्या काडतुसात याने काही कळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांतच काही ग्रेनचा फरक असतो आणि पावडर असते जेमतेम चार-पाच ग्रेन. उपाय एकच: सगळी पन्नास उघडायची. त्यासाठी प्लास्टिकचा पोकळ हातोडा मिळतो, काडतूस त्यात उलटे अडकवून लाकडी ठोकळ्यावर आपटायचे. दोन-तीन ठोक्यांत गोळी आणि पावडर पुढच्या कप्प्यात उतरते. गोळ्या पुन्हा वापरता येतात. पावडर कोणती हे नक्की माहीत असेल आणि कचरा मिसळला नसेल तरच डब्यात, नाहीतर बाहेर उघड्या मातीवर पातळ पसरून. जिवंत प्रायमर असलेल्या पुंगळ्या तशाच पुढच्या खेपेला वापराव्यात. तो काढायचाच असेल तर चष्मा घालून, दांडा अगदी सावकाश, ठोका न देता.